आचार्य अतीश : कान्हेरीच्या डोंगरापासून सुवर्णद्वीपापर्यंत

आपल्या विहारात दर रविवारी सकाळी मुलांचा धम्मवर्ग भरतो. त्रिसरण-पंचशील झाले की अर्धा तास गोष्ट असते. मागच्या वर्षावासात महेंद्र आणि संघमित्रा यांची गोष्ट चालू होती. धम्म लंकेला गेला, ब्रह्मदेशात गेला, चीनला गेला, असे सांगणे चालले होते. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलीने मध्येच विचारले की सगळीकडे आपणच शिकवायला गेलो, तर आपल्याला बाहेरच्या कोणी काही शिकवलंच नाही का? वर्ग घेणाऱ्या आमच्यापैकी एकालाही चटकन उत्तर देता आले नाही. पुढच्या रविवारी सांगतो म्हणून वेळ मारून नेली.

उत्तर मिळाले ते मात्र फार सुंदर मिळाले, आणि त्याची एक वाट चक्क आपल्या बोरिवलीवरून जाते. म्हणून यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आचार्य अतीश दीपंकर श्रीज्ञान यांचे चरित्र देत आहोत. ज्या काळी नालंदा आणि विक्रमशिला ही जगातली नावाजलेली विद्यापीठे होती, त्या काळचा हा पंडित. वयाच्या एकतिसाव्या वर्षी तो गलबतात बसून समुद्रापलीकडच्या एका बेटावर गेला आणि तिथे एका गुरूपाशी बारा वर्षे विद्यार्थी म्हणून राहिला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अतीशांची जुनी चरित्रे तिबेटी भाषेत आहेत आणि त्यांत चमत्कार पुष्कळ आहेत. देवता दर्शन देतात, वादळे शांत होतात, समुद्रातले राक्षसी मासे वाट सोडतात. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धीला पटेल तेवढेच घ्यायला शिकवले आहे. तेव्हा चमत्कार आम्ही गाळले आहेत. ते गाळूनही माणूस काही लहान होत नाही.

अतीशांचा जन्म इ.स. ९८२ च्या सुमाराचा. गाव पूर्व बंगालमधल्या विक्रमपूर परगण्यातले. आज ते बांगलादेशात ढाक्याच्या दक्षिणेला मुन्शीगंज जिल्ह्यात येते आणि गावाचे नाव वज्रयोगिनी असे आहे. वडील कल्याणश्री हे तिथले राजे, आई प्रभावती. तीन भावांतले हे मधले. घरातले नाव चंद्रगर्भ. राजवाड्यात सगळे काही होते, पण मुलाचे मन पोथ्यांत. बंगाल-बिहारवर तेव्हा पाल राजांची सत्ता होती. हे राजे बौद्ध होते. नालंदा, विक्रमशिला, ओदंतपुरी, सोमपुरी अशी महाविहारांची रांगच त्यांच्या राज्यात होती. तरुण चंद्रगर्भ जेतारी, अवधूतीपा, राहुलगुप्त अशा एकेका आचार्यांकडे जाऊन शिकत राहिले. एकोणतिसाव्या वर्षी ओदंतपुरीला शीलरक्षित या महासांघिक आचार्यांकडून त्यांनी उपसंपदा घेतली आणि दीपंकर श्रीज्ञान हे नाव धारण केले. अतीश ही नंतरची, तिबेटातली पदवी. आज जग त्यांना त्याच नावाने ओळखते.

आता बोरिवली. वर ज्या राहुलगुप्तांचे नाव आले, ते कृष्णगिरी नावाच्या विहारात राहत असत आणि अतीश त्यांच्याकडे तिथे जाऊन शिकले, असे तिबेटी परंपरा सांगते. काही अभ्यासक हा कृष्णगिरी म्हणजे आपली कान्हेरी असे मानतात, तर काही जण तो बिहारात राजगीरच्या आसपास शोधतात. आमचा कल कुठे हे वाचकांना वेगळे सांगायला नको. पण कल म्हणजे पुरावा नव्हे, हेही आम्हाला ठाऊक आहे.

तरी काही गोष्टी पक्क्या आहेत, आणि त्या दगडात कोरलेल्या आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांत या जागेचे नाव कृष्णगिरी महाविहार असेच येते. शके ७७५ चा, म्हणजे इ.स. ८५३-५४ चा एक लेख तिथे आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष आणि कोकणचा शिलाहार राजा कपर्दी यांच्या काळातला. त्यात अविघ्नाकर नावाच्या एका उपासकाने विहाराला शंभर द्रम्म दान दिल्याचे लिहिले आहे, आणि हा उपासक गौड देशचा, म्हणजे बंगालचा. अतीशांच्या जन्माआधी सव्वाशे वर्षे बंगालचा बौद्ध माणूस बोरिवलीच्या डोंगरावर येऊन दान देत होता. मग बंगालचा एखादा विद्यार्थी इथे शिकायला आला तर त्यात नवल ते काय?

कान्हेरीला आपण सहलीला जातो, डबा खातो, चैत्यात वंदना घेतो आणि परततो. पुढच्या वेळी गेलात तर ९० क्रमांकाच्या लेण्यात मुद्दाम थांबा. तिथल्या भिंतीवर अवलोकितेश्वराचे शिल्प आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसे कोरली आहेत. त्यांत एक बुडणारे गलबत आहे. सोपारा, कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दान दिलेल्या या डोंगरात समुद्राचे भय कोरावेसे वाटले, कारण ते भय इथल्या घरोघरी होते. त्याच लेण्यात इराणी पेहलवी लिपीतले लेख आहेत. इ.स. १००९ आणि १०२१ मध्ये इथे आलेल्या पारशी पाहुण्यांनी आपापली नावे कोरून ठेवली आहेत. यातले १०२१ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी अतीश इथून हजारो किलोमीटर दूर विषुववृत्तावरच्या बेटात गुरूपुढे बसून अभ्यास करत होते.

ते तिकडे का गेले? भारतात त्या वेळी विद्वानांची वाण नव्हती. तर्क, व्याकरण, विनय, अभिधम्म, ज्याला जे हवे ते शिकवणारे होते. पण दीपंकर श्रीज्ञानांना एक प्रश्न छळत होता. एवढे सगळे शिकून माणूस दुसऱ्याच्या दुःखाने खरोखर हलतो का? बोधिचित्त, म्हणजे सर्वांच्या मुक्तीसाठी आपण झटावे ही वृत्ती, ही पोथीत वाचता येते. ती अंगी बाणवायची कशी, हे शिकवणारा कोण? चौकशी करता एकच नाव पुढे येत होते. सुवर्णद्वीपाचे आचार्य धर्मकीर्ती. (प्रमाणवार्तिक लिहिणारे प्रसिद्ध धर्मकीर्ती ते हे नव्हेत. ते चारशे वर्षे आधीचे.) हे सुवर्णद्वीपी धर्मकीर्ती तिथल्या राजकुळातले होते आणि तरुणपणी बोधगयेला येऊन शिकून गेले होते, असे परंपरा सांगते. तिबेटी लोक त्यांना सेर्लिंगपा म्हणतात. त्याचा अर्थच मुळी सोन्याच्या बेटावरचा माणूस.

सोन्याचे बेट म्हणजे आजचे सुमात्रा. नकाशा काढून बघा. अंदमान-निकोबारचे अगदी खालचे टोक जिथे संपते, तिथून सुमात्राचा आचे प्रांत दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे मुंबई-पुण्याएवढा. आपण ज्याला परदेश, परदेश म्हणतो तो इतका जवळ आहे! बेट मात्र अवाढव्य. वायव्येकडून आग्नेयेकडे तिरपे पसरलेले, सतराशे किलोमीटर लांब, आजूबाजूची छोटी बेटे धरून महाराष्ट्राच्या दीडपट. विषुववृत्त त्याच्या बरोबर मधून जाते. पश्चिम कडेने बारिसान नावाची डोंगररांग, तिच्यात जिवंत ज्वालामुखी. त्यांतला केरिंची ३८०५ मीटर उंच. पूर्वेकडे मात्र दलदलीची सपाटी, आणि तिच्यातून संथ वाहणाऱ्या मुसी आणि बातांग हारी अशा मोठ्या नद्या. उत्तरेला तोबा नावाचे सरोवर आहे, शंभर किलोमीटर लांब. तेही एका महाज्वालामुखीचे तोंडच. त्याच्या स्फोटांची राख इतकी दूर उडाली की आपल्या जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी बोरी गावाजवळ तिचा थर सापडला आहे. म्हणजे सुमात्राची माती आमच्याकडे माणसांच्या आधी येऊन पोचली होती म्हणायचे.

या ज्वालामुखीच्या डोंगरांनी पोसलेल्या जंगलात जे पिकायचे ते जगात दुसरीकडे मिळत नसे. आपण ज्याला भीमसेनी कापूर म्हणतो तो सुमात्रा आणि बोर्निओच्या जंगलातला. उंचच उंच झाड तोडायचे, खोड चिरायचे आणि गाभ्यात खडे सापडले तर नशीब. कित्येक झाडांत काहीच निघत नसे. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावर बारुस नावाचे बंदर या कापरासाठीच प्रसिद्ध होते. (दुकानात वडीचा कापूर मिळतो तो आता टर्पेंटाइनपासून कारखान्यात होतो, तो वेगळा.) नद्यांच्या वाळूत सोने सापडे, नाव उगीच नाही पडले. समोरच्या मलाया द्वीपकल्पात कथील. भांड्यांना कल्हई करणारा पूर्वी आपल्या चाळीत यायचा. तो कल्हई शब्दसुद्धा मूळ मलायातल्या कलह बंदरावरून अरबांनी केला असे मानतात. लवंग आणि जायफळ त्याहून पूर्वेच्या मोलुक्का आणि बांदा बेटांतले. आपला उपवासाचा साबुदाणा आता तमिळनाडूत टॅपिओकाच्या कंदापासून बनतो, पण त्याचे नाव आणि मूळ वस्तू दोन्ही त्या बेटांवरच्या सागू नावाच्या ताडाच्या गाभ्याची.

पण नुसत्या मालाने राज्य मोठे होत नाही. सुमात्राचे मोठेपण वाऱ्यामुळे आणि जागेमुळे. सुमात्रा आणि मलाया यांच्यामध्ये मलाक्काची सामुद्रधुनी आहे. आठशे किलोमीटर लांब, आणि सिंगापूरजवळ इतकी अरुंद की धड तीन किलोमीटरही नाही. भारतातून चीनला जायचे तर सोयीची वाट तीच. बरे, शिडाचे जहाज वाऱ्यावर चालणार. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून, हिवाळ्यात उलट ईशान्येकडून. भारताकडून आलेले जहाज आणि चीनकडून आलेले जहाज, दोघांनाही या सामुद्रधुनीच्या तोंडाशी वारा फिरेपर्यंत महिनोन् महिने थांबावे लागे. थांबायचे तर राहायला जागा हवी, धान्य हवे, पाणी हवे, माल ठेवायला वखार हवी आणि चोरापासून राखण हवी. हे सगळे पुरवणारे आणि त्याचा कर घेणारे जे राज्य उभे राहिले ते श्रीविजय. त्याची राजधानी पालेंबांग, समुद्रापासून मुसी नदीने ऐंशी-नव्वद किलोमीटर आत. त्याचे खलाशी म्हणजे समुद्रावरच होड्यांत जन्मणारे आणि मरणारे लोक. त्यांना आजही ओरांग लाउत, म्हणजे समुद्राची माणसे, म्हणतात. राजाचे आरमार आणि राखणदार तेच. इतिहासात राजांची नावे येतात, या होडीवाल्यांची येत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिले.

थांबलेल्या व्यापाऱ्यांबरोबर थांबलेले भिक्खूही असत. चिनी भिक्खू इत्सिंग इ.स. ६७१ मध्ये कँटनहून वीस दिवसांत श्रीविजयाला पोचला. तिथे सहा महिने राहून तो संस्कृत व्याकरण शिकला आणि मगच नालंदेला गेला. त्याने लिहून ठेवले आहे की तिथे हजारावर भिक्खू आहेत आणि त्यांचा अभ्यास आणि आचार भारतातल्यासारखाच आहे. चीनहून भारतात शिकायला जाणाऱ्याने आधी इथे एक-दोन वर्षे तयारी करावी, असा सल्लाही तो देतो. आजच्या भाषेत बोलायचे तर श्रीविजय हे नालंदेचे ज्युनियर कॉलेज होते. पण दोनशे-तीनशे वर्षांत ज्युनियर कॉलेजचे काय झाले ते पुढे बघा.

या राज्याचा एक लेख आम्हाला फार आवडतो. पालेंबांगजवळ तालांग तुवो येथे सापडलेला, इ.स. ६८४ चा. कालगणना कोणती? शके! आपल्याच पंचांगातले शके ६०६. राजा जयनाशाने श्रीक्षेत्र नावाची एक बाग केली. तिच्यात नारळ, सुपारी, ताड, सागू, बांबू आणि फळझाडे लावली, तळी आणि बांध बांधले, आणि हे पुण्य सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी असो अशी इच्छा लिहून ठेवली. वाटेने जाणाऱ्या भुकेल्याला खायला आणि तहानलेल्याला पाणी मिळावे, ही त्यातली कळकळ. लढाया जिंकल्याचे लेख कोणीही कोरतो. बागेचा लेख क्वचित.

असो. इ.स. १०१३ च्या सुमारास अतीश काही शिष्यांसह व्यापाऱ्यांच्या जहाजावर चढले. ही गोष्ट त्या काळी किती मोठी होती ते समजून घ्यायला हवे. बौधायन धर्मसूत्रात माणसाला पतित करणाऱ्या कृत्यांच्या यादीत समुद्रप्रवास अगदी आरंभी घातला आहे. समुद्र ओलांडला की जात गेली. भिक्खूला हे बंधन नव्हते. ज्याने जातच टाकली त्याची जाणार काय? या देशातले समुद्रावरचे धाडस पुढे आटत गेले त्याला ही बंदीही कारण झाली, असे आम्हाला वाटते. ज्यांनी ती मानली नाही, त्यांच्यामुळेच आपला धम्म बेटाबेटांवर पोचला.

प्रवासाला तेरा महिने लागले असे चरित्रे सांगतात. वाऱ्यासाठी बंदरोबंदरी थांबणे, वादळे, वाट चुकणे, हे सगळे धरले तर ते अशक्य नाही. पोचल्यावरही अतीश लगेच गुरूंपुढे जाऊन उभे राहिले नाहीत, असे सांगतात. आधी त्यांच्या शिष्यांना भेटले, गुरू कसे राहतात, कसे शिकवतात, याची काही दिवस नीट चौकशी केली. आम्हाला हा भाग सर्वांत जास्त पटला. गुरू मोठा म्हणतात म्हणून डोळे मिटून पाया पडायचे नाही. पारखून घ्यायचे, आणि एकदा पटले की मग बारा वर्षे हलायचे नाही.

श्रीविजयाच्या गादीवर त्या शतकाच्या आरंभी चूडामणिवर्मदेव आणि त्यांच्यामागे त्यांचे पुत्र मारविजयोत्तुंगवर्मन हे राजे होते. धर्मकीर्तींनी अभिसमयालंकारावर दुर्बोधालोक नावाची टीका लिहिली ती चूडामणिवर्मदेवांच्याच काळात. अतीश नेमके कोणत्या विहारात राहिले? बातांग हारी नदीच्या काठी जांबी शहराजवळ मुआरो जांबी येथे विटांच्या विहारांचे आणि मंदिरांचे प्रचंड अवशेष आहेत. नदीकाठाने सात-आठ किलोमीटर पसरलेले, आणि ऐंशीच्या वर टेकाडे. पूर्वेच्या दलदलीत दगड नाही, म्हणून सगळे काम विटांचे. आणि म्हणूनच जंगलाने ते गिळले. पुष्कळ लोक अतीशांची जागा हीच मानतात. तिथे फिरायला गेलेल्याला नालंदेची आठवण होते म्हणतात, तीच लाल वीट आणि त्याच चौकोनी भिंती.

बारा वर्षे ते काय शिकले? ग्रंथ तर शिकलेच. पण गाभा एकच, आपण आणि दुसरा यांची अदलाबदल. शांतिदेव आचार्यांनी बोधिचर्यावतारात तिचा विचार मांडला होता, सुवर्णद्वीपी गुरूंनी तो रोजचा सराव म्हणून शिकवला. श्वास आत घेताना दुसऱ्याचे दुःख आपल्याकडे घ्यायचे, सोडताना आपले सुख त्याला द्यायचे, असा तो सराव तिबेटात आजही करतात. नुसत्या श्वासाने काय होते, असे कोणी म्हणेल. आम्हीही म्हटले होते. पण शेजारच्या खोलीतल्या आजारी माणसाचे खोकणे रात्री ऐकू येते तेव्हा आपल्या मनात आधी काय येते, दया की वैताग, हे ज्याने स्वतःशी तपासून पाहिले असेल त्याला या सरावाची गरज कळेल. चाळीत आणि वस्तीत राहणाऱ्याला तर लवकर कळेल.

इ.स. १०२५ मध्ये अतीश परतले. वय ४४ च्या आसपास. आणि याच वर्षी एक विचित्र गोष्ट झाली. तंजावरच्या राजेंद्र चोळाचे आरमार श्रीविजयावर चालून गेले. राजधानी लुटली, राजाला पकडले, एकामागून एक बंदरे मारली. याच राजेंद्राचे वडील राजराज चोळ यांनी वीसेक वर्षांपूर्वी, नागपट्टणमला श्रीविजयाच्या राजाने बांधलेल्या चूडामणी विहाराला एक अख्खे गाव तोडून दिले होते. बापाने विहाराला गाव दिले, मुलाने विहार बांधणाऱ्यांचे शहर लुटले. सामुद्रधुनीतला कर आणि चीनचा व्यापार यांच्यापुढे मैत्री टिकली नाही. श्रीविजय त्यानंतर लगेच संपले नाही, पण पूर्वीचे तेज गेले. अतीश वर्षभर उशिरा निघाले असते, तर काय झाले असते कोण जाणे.

परत आल्यावर त्यांची कीर्ती वाढतच गेली. विक्रमशिलेत ते प्रमुख आचार्यांपैकी एक झाले. पाल राजा नयपाल आणि पश्चिमेचा राजा कर्ण यांच्यात युद्ध पेटले तेव्हा अतीशांनी मध्ये पडून तह घडवून आणला, असे तिबेटी चरित्रांत आहे. एवढ्यात तिबेटातून बोलावणे आले. पश्चिम तिबेटच्या राजाने नाग्त्सो नावाच्या दुभाष्याला सोन्यासह पाठवले होते. तिकडे धम्माच्या नावावर वाटेल ते चालले होते, कोणी तरी नीट घडी बसवून देणारा हवा होता. अतीश साठीच्या घरात आलेले. पण इ.स. १०४० मध्ये ते निघाले, नेपाळात वर्षभर थांबून १०४२ मध्ये पश्चिम तिबेटातल्या न्गारी प्रदेशात पोचले. थोडी वर्षे राहून परत यायचे ठरले होते. ते काही जमले नाही.

तिबेटात त्यांनी बोधिपथप्रदीप हा छोटासा ग्रंथ लिहिला. साध्या माणसापासून बोधिसत्त्वापर्यंत पायरी पायरीने जाणारा. द्रोमतोनपा हा गृहस्थ उपासक त्यांचा सर्वांत जवळचा शिष्य झाला. उपासक, भिक्खू नव्हे, हे आपल्या उपासक-उपासिकांनी लक्षात ठेवावे. तिबेटात एक गोष्ट अजून सांगतात. अतीशांबरोबर एक भारी तिरसट सेवक होता, येता-जाता टाकून बोलणारा. लोक म्हणत, याला घालवून द्या. अतीश म्हणत, राहू द्या, क्षांती शिकवणारा तेवढाच माझ्याजवळ आहे. गोष्ट खरी की रचलेली कोण सांगणार, पण सुवर्णद्वीपात शिकलेल्या माणसाला ती शोभते. गुरूंचे नाव कानांवर पडले की ते हात जोडून डोक्याला लावत आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येई, असेही तिबेटी शिष्यांनी नोंदवले आहे. त्यांचे आचार्य पुष्कळ होते. इतका गहिवर मात्र बेटावरच्या त्या एकासाठी.

इ.स. १०५४ मध्ये ल्हासाजवळ न्येथांग येथे त्यांचे निधन झाले. पुढे दीडशे वर्षांत नालंदा आणि विक्रमशिला उद्ध्वस्त झाल्या. सुमात्रातून आणि जावातूनही बौद्ध राज्ये गेली. बोधिचित्ताची जी शिकवण अतीशांनी बेटावरून आणली, ती ना बेटावर राहिली ना भारतात. राहिली ती तिबेटच्या बर्फात.

आणि ते बेट? सुमात्रात आज सहा कोटींच्या घरात माणसे राहतात. आचेचे लोक, मलय, जावी, तोबाच्या काठचे बातक, आणि पश्चिमेचे मिनांगकाबाऊ, ज्यांच्यात घर आणि शेत आईकडून मुलीकडे जाते. बहुतेक सगळे मुसलमान, बातकांत ख्रिस्ती पुष्कळ, बौद्ध थोडे. पण भाषेत बघा. गुरूला गुरू, भाषेला बहासा, गावाला देसा, देशाला नगारा, माणसाला मानुसिया. मठाला बियारा म्हणतात. तो आपला विहारच. वैशाख पौर्णिमेला साऱ्या इंडोनेशियात सुट्टी असते, १९८३ पासून. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने याच बेटाचा आचे किनारा धुऊन नेला, लाखावर माणसे गेली. आणि जंगल? जिथे कापराची झाडे, वाघ, हत्ती, ओरांगउटान होते, तिथे मैलोन् मैल तेल-ताडाच्या बागा झाल्या आहेत. १९९७ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये जमिनी साफ करायला लावलेल्या आगींचा धूर सिंगापूर आणि मलेशियापर्यंत पसरला. हे तेल कोण खाते? पामतेल सर्वांत जास्त आयात करणारा देश आपला आहे. रेशनवर मिळायचे ते पामोलिन आणि २०२२ च्या दिवाळीत आनंदाच्या शिध्यात आलेली लिटरची पिशवी, हे त्याच जातीच्या झाडाचे तेल. जयनाशाने बाग लावली त्या भूमीशी आमचा संबंध आता कढईतला उरला आहे.

१९७८ मध्ये अतीशांच्या अस्थींचा काही भाग चीनमधून ढाक्याच्या धर्मराजिक विहारात आणण्यात आला. नऊशे वर्षांनी माणूस घराजवळ आला. वज्रयोगिनी गावात त्यांच्या घराची म्हणून एक जागा दाखवतात. मधल्या काळात त्या भागातले बौद्ध संपले, अतीश कोण हेही लोक विसरले. तरी जागेचे नाव तोंडोतोंडी चालत राहिले. गावकरी पिढ्यान् पिढ्या तिला नास्तिक पंडिताची भिटा म्हणत आले आहेत. भिटा म्हणजे घराचा चौथरा.